दवाखान्यातून ‘लागलेला’ जंतू : सिस्टरला दोष देण्याआधी बेसिनचा नळ उघडून बघा

विशेष विश्लेषण

अंगणात पाय घसरून आजी पडली आणि मांडीचं हाड मोडलं. तालुक्याला एक्स-रे झाला, पुढे मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी आजी उठून बसली, चहा मागू लागली. घरच्यांना वाटलं, सुटलो. आठव्या दिवशी टाक्यांतून पू यायला लागला. इंजेक्शन बदललं, दोन दिवसांनी पुन्हा बदललं. नवं इंजेक्शन महागडं होतं, दिवसाला हजारांत जाणारं. पंधरा दिवसांचा मुक्काम दीड महिन्यावर गेला आणि घरातली दोन माणसं तेवढे दिवस कामाला मुकली.

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा, उरण, कुठल्याही गावात ही हकिगत सांगा. ऐकणाऱ्यांतलं कोणीतरी म्हणणारच, “आमच्याकडे पण असंच झालं होतं.” आणि शेवटी वाक्य ठरलेलं : “दवाखान्यातूनच लागलं.”

हे वाक्य पुष्कळदा खरं असतं. पण ते अर्धं आहे. दवाखान्यात कोणाकडून लागलं, तिथं ते आलं कुठून आणि थांबवायचं कोणी, हा उरलेला अर्धा भाग गावात बोलला जात नाही. तो बोलायची वेळ आली आहे. केंद्र सरकारने १८ नोव्हेंबर २०२५ रोजी औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंविरुद्धचा राष्ट्रीय कृती आराखडा दुसऱ्यांदा जाहीर केला. त्याची मुदत २०२५ ते २०२९ आहे. पहिला आराखडा २०१७ मध्ये आला होता. त्यातही दवाखान्यात होणारा संसर्ग रोखणे हे एक मुख्य काम म्हणून लिहिलेलं होतं. कागद दिल्लीत तयार झाला. तो आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात पोचला की नाही, हे बघायला फार मोठं ज्ञान लागत नाही. वॉर्डातल्या बेसिनचा नळ उघडून पाहिला तरी बरंच कळतं.

जंतू हातावर कसा बसतो

अँटिबायोटिक औषध जंतूंना मारतं. पण लाखो जंतूंत एखादा असा निघतो की ज्याला ते औषध चालत नाही. बाकीचे मेले की त्याला मोकळं रान मिळतं. त्याची पिल्लावळ वाढते आणि ती सगळीच त्या औषधाला दाद देत नाही. औषध जिथं जास्त वापरलं जातं, तिथं असे जंतू जास्त. म्हणजे दवाखान्यात, आणि त्यातही आयसीयूमध्ये.

डॉक्टर, सिस्टर, वॉर्डबॉय, मावशी, सफाई कामगार यांच्या अंगावर हे जंतू दोन प्रकारे असतात.

पहिला प्रकार मुक्कामाचा. ‘स्टॅफिलोकॉकस ऑरियस’ नावाचा जंतू साधारण चारातल्या एका निरोगी माणसाच्या नाकात असतो. तुमच्या-आमच्याही. त्याचा काही त्रास होत नाही. त्याचाच औषधाला न जुमानणारा भाऊबंद म्हणजे ‘एमआरएसए’. दवाखान्यात काम करणाऱ्या काही जणांच्या नाकात तो घर करून राहतो. माणूस ठणठणीत असतो, त्याला पत्ताही नसतो. नाकाला हात लागला, तोच हात टाक्यांना लागला, की जंतूला जखम मिळाली.

दुसरा प्रकार येऊन-जाऊन असलेल्यांचा. एका रुग्णाची लघवीची पिशवी रिकामी केली, कूस बदलली, चादर काढली, की त्याच्या अंगावरचे जंतू हातावर येतात. ते हातावर काही मिनिटांपासून तास-दोन तासांपर्यंत तग धरतात. आगरदांड्याहून पलीकडे दिघीला जायचं तर जंगलजेटी लागते, तसं या जंतूला एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जायला हात लागतो. त्याला स्वतःचे पाय नाहीत. दवाखान्यातला बराचसा संसर्ग या दुसऱ्या प्रकाराने पसरतो, आणि हात स्वच्छ केला की तो तिथंच तुटतो. आयसीयूत सापडणारा ‘असिनेटोबॅक्टर’ तर कोरड्या वस्तूंवरही बरेच दिवस जगतो. खाटेचा कठडा, मॉनिटरचं बटण, मोबाइल, सगळं त्याच्या वाटेवरचं.

किती कर्मचाऱ्यांकडे असतो?

याचं उत्तर जगभरातून गोळा केलेलं आहे. ३७ देशांतल्या तपासण्या एकत्र करून २००८ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात ३३,३१८ आरोग्य कर्मचाऱ्यांच्या तपासण्या होत्या. त्यांतल्या सरासरी ४.६ टक्के लोकांकडे एमआरएसए होता, म्हणजे शंभरात साधारण पाच जणांकडे. ज्यांच्याकडे तो होता, त्यांच्यातल्याही सुमारे ५ टक्क्यांना प्रत्यक्ष आजार झालेला होता.

या आकड्याचे दोन अर्थ निघतात. एक, कर्मचारी जंतू बाळगतात ही गोष्ट खरी आहे, ती अफवा नाही. दोन, शंभरातल्या पंचाण्णव जणांकडे तो नाही, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांना तो पुष्कळदा दवाखान्यातच, काम करताना लागलेला असतो. सिस्टर आधी या जंतूची बळी असते, मग वाहक. शिवाय ड्युटी संपवून ती जाते कुठे? आपल्याच गावात, आपल्याच आळीत. तिच्या घरातही लहान मूल आणि म्हातारी सासू असतेच.

आत शिरतानाच सोबत येतो

आता जास्त टोचणारा भाग. २०२५ च्या नोव्हेंबरमध्येच हैदराबादच्या एआयजी हॉस्पिटलच्या पुढाकाराने झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. भारत, इटली, अमेरिका आणि नेदरलँड्स या चार देशांतल्या बाराशेहून अधिक रुग्णांची तपासणी झाली. हे सगळे पित्तनलिकेच्या दुर्बिणीच्या तपासणीसाठी आलेले रुग्ण होते. भारतातल्या रुग्णांपैकी सुमारे ८३ टक्के लोकांच्या शरीरात अनेक औषधांना न जुमानणारे जंतू आधीपासूनच होते. इटलीत हे प्रमाण साधारण ३१ टक्के, अमेरिकेत २०, तर नेदरलँड्समध्ये ११ टक्क्यांच्या आत.

हे रुग्ण आधीच आजारी होते, दवाखान्यांच्या फेऱ्या मारलेले होते. म्हणून गावातल्या शंभरातल्या ८३ जणांकडे असे जंतू आहेत, असा याचा अर्थ काढता येणार नाही. पण एवढं नक्की कळतं की जंतू दवाखान्याच्या भिंतीतून उगवत नाही. तो रुग्णाच्या पोटातून, नातेवाइकाच्या हातावरून आत येतो. दवाखान्यात त्याला कमजोर शरीर, उघडी जखम आणि आयती नळी मिळते. मग तो आजार होऊन बाहेर पडतो.

मुंबईला गेलेला आणि परत आलेला

रायगडच्या किनाऱ्यावर रुग्णाची वाट ठरलेली आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र, मग तालुक्याचं रुग्णालय, मग माणगाव किंवा अलिबाग, आणि तिथंही जमलं नाही तर पनवेल-मुंबई. हायवेवरचा अपघात असो, अवघड बाळंतपण असो, १०८ ची गाडी उत्तरेकडेच धावते. मुंबईच्या आयसीयूत पंधरा दिवस काढलेला माणूस महिन्याभराने लघवीची नळी लावलेलाच तालुक्याच्या वॉर्डात परत येतो. त्याच्याबरोबर डिस्चार्ज कार्ड येतं, औषधांची पिशवी येते, आणि कधी कधी मुंबईचा जंतूही येतो. डिस्चार्ज कार्डावर त्या जंतूचं नाव असलं तरी ते वाचून त्या खाटेपाशी वेगळी काळजी घेतली गेली नाही, तर पुढचं काम आपोआप होतं.

मुंबईत असे जंतू आहेत, ही गोष्ट तिथल्या डॉक्टरांनीच पंधराएक वर्षांपूर्वी छापून सांगितली. पी. डी. हिंदुजा रुग्णालयाच्या सूक्ष्मजीव विभागाने २००९ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये, कार्बापेनेम या अगदी शेवटच्या फळीतल्या इंजेक्शनांनाही न जुमानणारे २४ जंतू तपासले. त्यांपैकी २२ जंतूंमध्ये ‘एनडीएम-१’ नावाचा गुणधर्म सापडला. मार्च २०१० मध्ये हा अहवाल प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी परदेशी मासिकात याच विषयावर लेख आला आणि देशात वाद पेटला. वाद कशावरून? तर जंतूच्या नावात ‘न्यू दिल्ली’ का, यावरून. देशाची बदनामी, परदेशी कट, असे आरोप झाले. जंतू मात्र आपलं काम करत राहिला.

त्या प्रकरणाचा धडा आजही लागू आहे. ज्या दवाखान्याने तपासलं, त्यालाच जंतू सापडला. जिथं तपासणीच होत नाही, तिथं कागदावर सगळं आलबेल असतं. म्हणून आमच्याकडे असा जंतू सापडला, असं एखादा दवाखाना उघड सांगत असेल, तर त्याची बदनामी करण्याआधी दोनदा विचार केला पाहिजे. न सांगणारे दवाखाने जास्त धोक्याचे.

२०१९ या एकाच वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं औषधं चालेनाशी झाल्यामुळे दगावली, असा अंदाज शास्त्रज्ञांनी मांडला आहे. त्यात भारतातले मृत्यू ३ लाखांच्या आसपास. नवजात बाळांचं चित्र तर आणखी वाईट. दिल्लीच्या तीन सरकारी रुग्णालयांत २०११ ते २०१४ दरम्यान झालेल्या अभ्यासात रक्तात जंतुसंसर्ग झालेल्या बाळांमध्ये असिनेटोबॅक्टर सगळ्यात जास्त आढळला. त्यांतले ८२ टक्के जंतू अनेक औषधांना न जुमानणारे होते. बाळ काही मेडिकलमधून गोळ्या आणून खात नाही. त्याला जंतू मिळतो तो मोठ्यांच्या हातांतून आणि आजूबाजूच्या वस्तूंतून.

हात धुतल्याने खरंच फरक पडतो?

पडतो, आणि हे पावणेदोनशे वर्षांपूर्वी सिद्ध झालेलं आहे. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात बाळंतपणाचे दोन विभाग होते. एक डॉक्टर आणि विद्यार्थी बघत, दुसरा सुईणी बघत. डॉक्टरांच्या विभागात १८४६ साली शंभरातल्या अकराहून अधिक बाळंतिणी तापाने गेल्या. सुईणींच्या विभागात तीनहून कमी. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरच्या लक्षात आलं की डॉक्टर मंडळी मृतदेह फाडून तशीच बाळंतिणीला तपासायला येतात. त्याने १८४७ मध्ये क्लोरीनच्या पाण्यात हात धुणं सक्तीचं केलं. १८४८ साली त्याच विभागातलं मृत्यूचं प्रमाण शंभरात सव्वापर्यंत खाली आलं.

तरीही त्याचं ऐकलं गेलं नाही. आमचे हात घाणेरडे आहेत असं हा म्हणतोच कसा, म्हणून डॉक्टर दुखावले. त्यानेही पुढे चिडून सहकाऱ्यांवर जाहीर आरोप केले. भांडण वाढलं आणि हात धुणं मागे पडलं. आपल्याकडे हेच होऊ नये.

अलीकडचा दाखला स्वित्झर्लंडच्या जिनिव्हा शहरातला. तिथल्या मोठ्या रुग्णालयात १९९४ मध्ये हात स्वच्छ करायला हवे त्या वेळी ते केले जाण्याचं प्रमाण ४८ टक्के होतं. श्रीमंत देश, भरपूर पाणी, शिकलेला स्टाफ, तरी निम्म्याहून कमी. त्यांनी कोणाला निलंबित केलं नाही. खाटेपाशी सॅनिटायझरच्या बाटल्या लावल्या, भिंतींवर चित्रं लावली, आणि किती वेळा हात स्वच्छ केले जातात याची मोजणी सुरू ठेवली. १९९७ पर्यंत प्रमाण ६६ टक्क्यांवर गेलं. त्याच काळात दवाखान्यात संसर्ग होणाऱ्या रुग्णांचं प्रमाण जवळपास १७ टक्क्यांवरून १० टक्क्यांच्या आत आलं.

रात्रपाळीचा हिशेब

आता हा दाखला आपल्या वॉर्डात आणून बघू. ३० खाटांचा वॉर्ड धरा आणि रात्रपाळीला एकच सिस्टर. सर्वसाधारण रुग्णालयात पाच खाटांमागे एक परिचारिका असावी असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. तो बहुतेक ठिकाणी कागदावरच राहतो, हे वॉर्डात एक रात्र काढलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

त्या सिस्टरला रात्रभरात प्रत्येक रुग्णाला फक्त तीनदा हात लावायचा आहे, असं धरू. म्हणजे ९० वेळा. प्रत्येक वेळी वॉर्डाच्या टोकाच्या बेसिनपर्यंत जाऊन साबणाने नीट हात धुवायचे तर येण्याजाण्यासकट दोन मिनिटं धरा. ९० गुणिले दोन, म्हणजे १८० मिनिटं. रात्रीचे तीन तास नुसते हात धुण्यात. हे होणं शक्य नाही, आणि ते होत नाही.

पण खाटेपाशीच सॅनिटायझरची बाटली असेल तर? हात चोळायला जागतिक आरोग्य संघटना २० ते ३० सेकंद सांगते. ९० वेळचे मिळून जास्तीत जास्त ४५ मिनिटं होतात. तीन तासांचं काम पाऊण तासावर आलं, आणि तेही चालता चालता होणारं. हात मळलेले दिसत असतील, रक्त-विष्ठा लागली असेल तर साबण-पाणीच लागतं, त्याला ४० ते ६० सेकंद. बाकीच्या वेळी बाटली पुरते.

हे सॅनिटायझर रुग्णालयाला स्वतः तयार करता यावं म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने कृतीसुद्धा दिलेली आहे. मुख्य घटक अल्कोहोल, थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड, थोडं ग्लिसरीन आणि उकळून गार केलेलं पाणी. हे औषधनिर्मात्याच्या देखरेखीखाली करायचं काम आहे, घरी नव्हे, कारण अल्कोहोल पेट घेतं. मुद्दा इतकाच की परदेशी यंत्र किंवा कोट्यवधींचा निधी यासाठी लागत नाही.

पाण्याचं मात्र तसं नाही. एप्रिल-मेमध्ये पेणच्या खारेपाटात लोक हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. किनाऱ्यावरच्या किती गावांत विहिरी मचूळ होतात हे सांगायला नको. त्याच दिवसांत दवाखान्याची टाकी चोवीस तास भरलेली असते का? बेसिनचा नळ चालू आहे का? साबण आहे का? हात पुसायला काय आहे, की सगळे एकाच टॉवेलला पुसतात? सिस्टरचे हात स्वच्छ आहेत का, हा प्रश्न यानंतरचा. पाणीच नसेल तर तो तिला विचारण्यात अर्थ नाही.

आणि पाणी, साबण, बाटली सगळं असूनही एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर हात तसाच गेला, तर तो दोष कर्मचाऱ्याचा. तिथं सवलत नको. एकच हातमोजा घालून चार रुग्णांचं ड्रेसिंग करणं, मोजे घातलेल्या हाताने मोबाइल उचलणं, अंगठ्या-घड्याळ तसंच ठेवून जखमेला हात लावणं, यांतल्या कशालाही पाणीटंचाई जबाबदार नाही. हातमोजा कर्मचाऱ्याला वाचवतो. पुढच्या रुग्णाला तो तेव्हाच वाचवतो, जेव्हा तो बदललेला असतो.

मग सगळ्या स्टाफची तपासणी का करत नाहीत?

हा प्रश्न साहजिक आहे. नेदरलँड्समध्ये याबाबत फार कडक धोरण आहे. एमआरएसए असलेल्या रुग्णाशी खबरदारी न घेता संपर्क आला तर कर्मचाऱ्याची तपासणी होते. जंतू सापडला तर तो जाईपर्यंत त्याला रुग्णांपासून दूर ठेवतात, उपचार देतात. उपचार म्हणजे साधारण पाच दिवस नाकात लावायचं मलम आणि जंतुनाशक साबणाने आंघोळ. तिथं हे चालतं, कारण तिथं असे जंतू मुळात कमी आहेत आणि घरी बसवलेल्याच्या जागी दुसरा माणूस मिळतो.

आपल्याकडे सरसकट तपासणी केली तर काय होईल? आज स्वच्छ निघालेला कर्मचारी पुढच्या आठवड्यात जंतू घेऊन फिरत असेल. नाकाच्या तपासणीत पोटातला किंवा हातावरचा जंतू दिसणारही नाही. ज्यांच्याकडे सापडेल त्यांना घरी बसवलं तर आधीच अपुरा असलेला वॉर्ड रिकामा होईल. कंत्राटी असेल तर पगार कापला जाईल या भीतीने कोणी तपासणीला पुढेच येणार नाही. म्हणून एखाद्या वॉर्डात एकाच जंतूचे एकामागून एक रुग्ण निघायला लागले, तर त्या वॉर्डापुरती तपासणी करावी, आणि नाव न फोडता, पगार न कापता उपचार द्यावेत, हा व्यवहारी मार्ग आहे.

राग चुकीच्या माणसावर निघतो तेव्हा काय होतं, हे महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाहिलं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावल्याची बातमी आली. त्यांत १२ नवजात बाळं होती. लगेच एका खासदाराने तिथं जाऊन अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावलं. त्याचा व्हिडिओ मोबाइलवर सगळीकडे फिरला. प्रकरण पुढे उच्च न्यायालयात गेलं, तेव्हा न्यायालयाने रिक्त पदं आणि औषध खरेदीबद्दल विचारणा केली. मोबाइलवर फिरला तो शौचालयाचा व्हिडिओ. रिक्त पदांचा प्रश्न त्याच्यासारखा फिरला नाही.

मेडिकलच्या काउंटरवरचा आपला वाटा

पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ मध्ये झाली, तेव्हा पेनिसिलिन हे चमत्काराचं औषध होतं. पण ते शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगने १९४५ मध्ये नोबेल पारितोषिक घेतानाच बजावलं होतं की हे औषध अर्धवट मात्रेत घेतलं तर जंतू मरण्याऐवजी ते पचवायला शिकतील.

आज आपण काय करतो? ताप आला, घसा धरला, की मेडिकलमध्ये जाऊन “दोन दिवसांच्या गोळ्या द्या” म्हणतो. साध्या सर्दी-पडशाला अँटिबायोटिकचा काही उपयोग नसतो, कारण ते विषाणूमुळे होतं आणि ही औषधं विषाणूवर चालत नाहीत. बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या डब्यात, पुढच्या वेळी शेजाऱ्याला. कायदा आहे : १ मार्च २०१४ पासून ‘शेड्यूल एच-१’ लागू आहे. त्यातली अँटिबायोटिक डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, आणि दुकानदाराला रुग्णाचं नाव, डॉक्टरचं नाव, औषध यांची नोंद वेगळ्या वहीत करून ती तीन वर्षं जपावी लागते. गोळ्यांच्या पट्टीवर लाल उभी रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, ही मोहीम २०१६ पासून आहे. जनावरं, कोंबड्या आणि कोळंबी-मासे यांना दिलं जाणारं ‘कोलिस्टिन’ २०१९ च्या जुलैमध्ये बंद केलं गेलं, कारण माणसासाठी ते अगदी शेवटचं राखीव औषध आहे.

आपल्या पोटात आपणच तयार केलेला जंतू घेऊन आपण दवाखान्यात जातो आणि तिथून तो सिस्टरच्या हातावर जातो. दवाखान्यातून लागलं म्हणताना ही बाजूही धरावी लागेल.

काय करता येईल?

रुग्णाच्या खाटेपाशी बसणाऱ्या नातेवाइकांनी :

– आपले हात आधी. रुग्णाला भरवण्याआधी, लघवीची पिशवी रिकामी केल्यावर, शेजारच्या खाटेवरच्या माणसाला मदत केल्यावर. दवाखान्यात एक हात शेजारच्याला देणं ही आपली रीत आहे, ती सोडू नका. पण हात धुऊन या.

– रुग्णाच्या खाटेवर बसू नका, जखमेवरची पट्टी उचकटून बघू नका. भेटायला दहाजण जाऊ नका.

– सिस्टरला दरडावू नका, पण विचारायला लाजूही नका. “सिस्टर, ड्रेसिंगच्या आधी जरा सॅनिटायझर घेता का?” एवढं पुरे. तो अपमान नाही. असं विचारणं रुग्णाचा हक्क आहे.

– “लघवीची नळी, सलाईनची सुई अजून लागणार आहे का?” हे डॉक्टरांना रोज विचारा. गरज संपलेली नळी म्हणजे जंतूला उघडं दार.

– पू किंवा ताप हटत नसेल, औषध दोनदा बदललं असेल, तर कल्चर तपासणी केली का ते विचारा. जंतू कुठला आणि त्याला कुठलं औषध चालतं हे त्यातून दोन-तीन दिवसांत कळतं. रिपोर्ट जपून ठेवा आणि दुसऱ्या दवाखान्यात गेलात तर आधी तो दाखवा. मुंबईहून परत आलेल्या रुग्णाने तर नक्कीच.

गावाने आणि लोकप्रतिनिधींनी :

– सरकारी दवाखान्यांना रुग्ण कल्याण समिती असते आणि तिच्याकडे किरकोळ खर्चासाठी निधीही असतो. पुढच्या बैठकीत चार गोष्टी लेखी विचारा : वॉर्डातल्या किती बेसिनना पाणी आहे, किती खाटांपाशी सॅनिटायझर आहे, रात्रपाळीला किती सिस्टर असतात, सफाई कामगारांची किती पदं रिकामी आहेत.

– केंद्राची ‘कायाकल्प’ योजना २०१५ पासून आहे. त्यात स्वच्छतेबरोबर संसर्ग नियंत्रणालाही गुण असतात. आपल्या केंद्राला किती गुण मिळाले आणि कशात कमी पडले, ते मागून घ्या.

– अलिबागला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा प्रत्येक महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र विभाग असावाच लागतो. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडच्या दवाखान्यातला पूचा किंवा रक्ताचा नमुना तिथं नेण्याची आणि रिपोर्ट मोबाइलवर परत येण्याची नियमित सोय झाली, तर तालुक्याच्या डॉक्टरला अंदाजाने महागडं इंजेक्शन द्यावं लागणार नाही. आमदार, जिल्हा परिषद सदस्य यांच्याकडे मागायची ही गोष्ट आहे. नव्या इमारतीच्या कोनशिलेइतकी ती दिसणार नाही, पण उपयोगी जास्त पडेल.

एक भीती शेवटी बोलून ठेवली पाहिजे. कर्मचाऱ्यांच्या अंगावर जंतू असतात, हे वाचून कोणी सरकारी दवाखाना टाळून घरीच थांबलं, किंवा बाळंतपणाला उशीर केला, तर जंतूपेक्षा जास्त नुकसान होईल. खाजगी दवाखान्यातले हातही माणसांचेच असतात आणि तिथंही हेच नियम लागतात. गरज असेल तेव्हा दवाखान्यात जायचंच. जाताना जुने रिपोर्ट, साबणाची वडी आणि सॅनिटायझरची छोटी बाटली सोबत घ्यायची. वॉर्डात पोचल्यावर बेसिनचा नळ उघडून पाहायचा. पाणी आलं तर हात धुऊन आजीच्या खाटेपाशी बसायचं. नाही आलं, तर त्याच दिवशी वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे दोन ओळींचा अर्ज द्यायचा आणि त्याची पोच घ्यायची.